टोंगातले मॉर्मन प्रचारक पगारी नोकर नसतात

पांढरा शर्ट, काळी नावपट्टी आणि मागे नारळीची झाडं. टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात गेलेल्या मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला ख्रिस्ती पंथ) प्रचारकाचा असा फोटो दिसला की कुणीतरी म्हणतंच, "चर्च पगार देतं, बेटही आपणच निवडायचं; दोन वर्षं मजा!" हे खरं नाही आणि त्या मुलांवर अन्याय करणारं आहे.

पगार नसतो. उलट, तरुण आणि त्याचं कुटुंबच पैसे भरतात. अमेरिकेतल्या तरुणांसाठी ही रक्कम २०२० मध्ये महिना ४०० वरून ५०० डॉलर झाली. टोंगा असो वा टोकियो, आकडा तोच. ज्यांना झेपत नाही त्यांना चर्चमधली माणसं हातभार लावतात. जागा निवडता येत नाही. ती अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयाहून आलेल्या पत्रातच कळते.

मुलगे १८व्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी; २०२५ पर्यंत मुलींना १९व्या वर्षापासूनच जाता यायचं. कायम जोडीनं राहायचं, प्रेमप्रकरणं वर्ज्य. घरी दर आठवड्याला फोन करायची मुभा तर २०१९ मध्ये मिळाली. त्याआधी वर्षातून जेमतेम दोनदा आईचा आवाज कानी पडायचा! एकोणीस वर्षांच्या पोरासाठी हे किती जड असेल!

आणि हे सगळे गोरे अमेरिकनच असतात, हाही गैरसमज. १९२२ मध्ये टोंगानं कायदा करून परदेशी मॉर्मन प्रचारकांना प्रवेश बंद केला. १९२४ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत टोंगन माणसांनीच काम चालू ठेवलं. आज टोंगाचे तरुणही परदेशी प्रचाराला जातात.