शीव-वडाळ्याचे उंदीर : मुंबईच्या उपनगरांतील रोगराईची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले, तेव्हा शीव, वडाळा आणि वरळी ही शहराच्या कडेची साधी गावे होती. साथ भडकली तशी माणसे साष्टीत, कोकणात आणि घाटावर पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. अशा वेळी दरहजारी मृत्यूंचा भागाकार मांडताना छेदच आकसलेला असतो, त्यामुळे त्या काळातले मृत्युदर जरा जपूनच वाचावे लागतात.

रोगाचे मूळ दाट वस्तीत आणि कोंदट हवेत आहे, या समजुतीवर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. जुन्या गल्ल्या फोडून रस्ते काढणे आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याला ऐसपैस भूखंड पाडणे ही त्याची दिशा होती.

खरा उलगडा मात्र उंदरांच्या बिळाशी झाला. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम केलेच, शिवाय शीव, वडाळा, परळ आणि वरळी या वस्त्यांत घरोघर पाहणी केली. प्लेगने माणूस दगावलेल्या खोलीत गिनिपिग मोकळे सोडायचे, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायच्या, अशी ती पद्धत होती. परळच्या प्रयोगांत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, पण दोन फुटांवरची जनावरे वाचली. उंदरांकडून प्लेग पसरवणाऱ्या पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही, एवढेच त्याचे कारण! आधी उंदीर मरतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांत साथ दिसते, हा क्रमही याच कामातून पक्का झाला. हवेवरचा आरोप त्यामुळे बराच सैल झाला, ट्रस्टच्या रुंद रस्त्यांची आखणी मात्र तशीच चालू राहिली.

प्लेगचा जोर ओसरू लागला तसा हिवताप ठळक दिसू लागला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या अहवालाने बोट ठेवले ते विहिरींवर, कारण तिथेच हिवतापाच्या डासांची पैदास होत होती. विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा आग्रह सुरू झाला, आणि धर्मकार्यासाठी विहिरीचेच पाणी लागणाऱ्या पारशी व हिंदू घरांतून त्याला विरोधही झाला.