इन्व्हर्टरची बॅटरी आणि स्कूटरची बॅटरी

मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि बॅटरीचा धोका म्हटलं की लोकांना लिथियमच आठवू लागलं. पण कितीतरी घरांत त्याच्या आधीपासून इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली आहे. लाइट गेल्याशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

ही बहुधा लेड-ॲसिडची असते. आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड. चार्जिंग पूर्ण होत आलं की त्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते. म्हणून ही बॅटरी बंद कपाटात कधीच ठेवू नये. टर्मिनल आवळताना लोखंडी पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलांना टेकला, तर त्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह धावतो. पाना तापून लाल होतो, ठिणग्या उडतात, आणि गॅसही तिथेच असतो. अशा कामाला हात लावण्याआधी अंगठी आणि कडं काढून ठेवा. डिस्टिल्ड वॉटर भरताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

रिमोटमध्ये घालतो त्या रिचार्जेबल, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलमधलं द्रावण पाण्याचं असतं, ते पेटत नाही. खिशात किल्ल्यांबरोबर सुटे टाकले नाहीत, तर त्यांची फारशी चिंता नको.

स्कूटर आणि मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीत मात्र द्रावणच ज्वलनशील असतं. दोन इलेक्ट्रोडांमध्ये साधारण 20 मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा असतो, केसाहूनही पातळ. मार बसून, जास्त चार्ज होऊन किंवा कारखान्यातल्या दोषामुळे तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो. उष्णता वाढते, तिने रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. निकेल-कोबाल्टच्या प्रकारात कॅथोडमधूनच, म्हणजे धन इलेक्ट्रोडमधूनच, ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे नुसती हवा तोडून ही आग विझत नाही. भरपूर पाणी मारून पॅक थंड करत राहावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये फॉस्फरसने ऑक्सिजन घट्ट धरलेला असतो, म्हणून तो प्रकार बराच सुरक्षित. स्कूटर घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे मायलेजइतक्याच अगत्याने विचारा. अर्थात द्रावण त्यातही ज्वलनशीलच असतं, तेव्हा 'ही पेटतच नाही' असं विक्रेत्याने सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका. स्कूटरची बॅटरी घरात आणून चार्ज करत असाल तर दाराशी किंवा जिन्यात ठेवू नका. तिथे आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. रात्री सगळे झोपल्यावरही तिचं चार्जिंग नको.