कॅरी गनचा ट्रिगर हलका करायचा का? हा वाद आला कुठून

नाशिकमधे ज्यांच्याकडे हत्याराचं लायसन आहे, म्हणजे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार, कॅश घेऊन फिरणारे व्यापारी, बिल्डर, देवळालीकडे सेटल झालेले रिटायर्ड फौजी, ही मंडळी जमली की एक विषय निघतोच, की आपल्या .३२ चा (.३२ इंच बोअरचं, कमरेला लावून फिरायचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, म्हणजेच कॅरी गन) ट्रिगर लई जड आहे, तो हलका करून घ्यावा का. एकजण म्हणतो स्प्रिंग बदल, सिअर (घोडा अडवून धरणारा आणि ट्रिगर ओढला की सोडणारा आतला खटका) पॉलिश करून घे, लोण्यासारखा ओढला जातो. दुसरा लगेच यूट्यूबवर ऐकलेलं सांगतो, की असलं काही केलं आणि उद्या गोळी चालवायची वेळ आली तर कोर्टात समोरचा वकील तुझी वाट लावेल. गंमत अशी की ही दोन्ही उत्तरं अमेरिकेतून आलेली आहेत आणि दोन्हीमागची स्टोरी आपल्याकडे कोणी पूर्ण सांगत नाही, आणि आपल्याकडचा खरा मुद्दा तर तिसराच आहे.

आधी आपल्या .३२ बद्दल. नाशिकच्या इतिहासात पिस्तूल म्हटलं की २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या हाती २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यातलंच एक कान्हेरेंच्या हातात होतं. (ज्या गोल्फ क्लब मैदानावर आपण सकाळी चालायला जातो त्याला त्यांचंच नाव आहे, पण गोल्फ क्लब म्हणायची सवय काही जात नाही.) ब्राउनिंगची त्या काळची ऑटोमॅटिक पिस्तुलं सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे स्लाइड एकदा मागे ओढली की आतली यंत्रणा ताणलेलीच राहते आणि ट्रिगरला फक्त ती सोडायचं काम उरतं, म्हणून ओढ हलकी. आज ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या अशनी पिस्तुलात जो .३२ राउंड भरतात तोही जॉन ब्राउनिंगचाच, १८९९ सालचा. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली तरी पिस्तूलवाला सामान्य परवानाधारक अजून त्याच काडतुसावर आहे, कारण ९ एमएम आणि .३८ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणारे, आणि ८० च्या दशकात बाहेरून हत्यारं आणणंही सामान्य माणसाला बंद झालं.

रिव्हॉल्व्हरचं खानदान वेगळं. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर हे इंग्रजांच्या वेब्ली मार्क फोरवरून उतरलेलं, आणि २०१४ ला बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं निर्भीक त्याच कुटुंबातलं. डबल अ‍ॅक्शनमधे ट्रिगर दोन कामं करतो, आधी घोडा मागे नेतो आणि मग सोडतो, त्यामुळे ओढ लांब आणि जड असणारच, तो काही कारखान्याचा निष्काळजीपणा नाही. फिनिशिंग खडबडीत असतं हे मान्य, पण जडपणा मुळात डिझाइनमधला आहे. आणि तो कमी करायची खटपट इंग्रजांनी स्वतःच केली होती. १९३८ साली ब्रिटिश आर्मीने एनफिल्ड नंबर टूचं नवीन मॉडेल काढलं, घोड्याचं मागचं बोंड कापून टाकलं कारण रणगाड्यातून चढता-उतरताना ते अडकायचं, आणि आता बोटाने घोडा चढवता येणार नाही म्हणून मेनस्प्रिंगही (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) हलकी केली. जुन्या सोल्जरना ते रिव्हॉल्व्हर आवडलं नाही म्हणतात. पण बघा, तिथे घोडा, स्प्रिंग आणि वापर या तिन्हीचा विचार सरकारी कारखान्यात एकत्र झाला होता, कोणीतरी नुसती स्प्रिंग बदलून मोकळा झाला असं नव्हतं.

आता अमेरिका. तिकडे हलक्या ट्रिगरचं वेड आलं ते स्पर्धेतून. १९७६ मधे जेफ कूपर वगैरे शूटिंग शिकवणाऱ्या लोकांनी आयपीएससी ही संघटना काढली, धावत-पळत नेम मारायच्या मॅचसाठी, आणि १९११ नावाच्या मॉडेलच्या पिस्तुलांचे ट्रिगर घासून-पुसून हलके करणारे गनस्मिथ एकदम डिमांडमधे आले. पुढे १९८७ ला फ्लोरिडाने कॅरीचं लायसन सोपं केलं, मग एकामागून एक राज्यांनी तेच केलं, आणि जी गन रविवारी मॅचला तीच सोमवारी कमरेला असं होऊ लागलं. मॅचची गन आणि कमरेची गन यातली रेष तिथे पुसली गेली. आपल्याकडे एअर पिस्तूल शिकणाऱ्या शाळकरी पोरांनाही ही रेष कळते, कारण १० मीटरला ट्रिगरची ओढ किमान ५०० ग्रॅम लागते, २५ मीटरला किमान १००० ग्रॅम, मॅचआधी वजन लटकवून चेक करतात आणि त्याखाली असेल तर पास नाही. म्हणजे नुसत्या कागदाला भोक पाडायच्या खेळातसुद्धा खालची मर्यादा आहे.

त्याच वेळी दुसरीकडून कोर्टाची भीती तयार होत होती. १९८३ मधे मॅनहॅटनमधे रस्त्यावरच्या भांडणात फ्रँक मॅग्लियाटो नावाच्या माणसाने रिव्हॉल्व्हर काढलं, घोडा चढवला, रोखलं, आणि गोळी सुटून समोरचा मेला. त्याचं म्हणणं काय, मला मारायचंच नव्हतं, चुकून सुटली. घोडा चढवला की रिव्हॉल्व्हरची ओढ एकदम कमी होते, त्यामुळे हे अगदीच अशक्य नव्हतं, पण केस न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ ला शिक्षा कायम राहिली, घोडा चढवून माणसावर रोखणं हाच प्राणघातक बळाचा वापर असं कोर्टाने धरलं. इथे खरी गोम आहे. स्वसंरक्षण म्हणजे मी जाणूनबुजून गोळी मारली, अपघात म्हणजे मी मारलीच नाही, आणि ट्रिगर हलका असला की समोरच्या वकिलाला तुम्हाला पहिल्यातून उचलून दुसऱ्यात टाकता येतं, की साहेब याला धोका वगैरे काही नव्हता, याच्याकडून निष्काळजीपणे सुटली आणि आता स्वसंरक्षण म्हणतोय. तिकडचे इन्स्ट्रक्टर गेली चाळीस वर्षं कॅरी गनच्या ट्रिगरला हात लावू नका म्हणतात ते याच काळातून आलंय, लोक फक्त निष्कर्ष पाठ करतात आणि कारण सोडून देतात.

तिकडच्या पोलिस खात्यांनी अशा चुकून सुटणाऱ्या गोळ्यांवर उपाय म्हणून रिव्हॉल्व्हर घोडा चढवताच येणार नाही अशी करून घेतली. मग ग्लॉक हे पिस्तूल आलं. ऑस्ट्रियन आर्मीने १९८२ मधे घेतलेलं, साधारण अडीच किलोचा ट्रिगर, बाहेर वेगळी सेफ्टी नाही. आयुष्यभर जड रिव्हॉल्व्हर ओढलेल्या पोलिसांच्या हातात ते अर्धवट ट्रेनिंगवर दिलं आणि वॉशिंग्टन डीसीमधे चुकून गोळी सुटण्याचे इतके प्रकार झाले की पेपरात मोठी प्रकरणं छापून आली. न्यूयॉर्कचं पोलिस खातं तर उलट्या टोकाला गेलं, १९९३ मधे पिस्तुलं दिली पण ग्लॉकमधे मुद्दाम जड स्प्रिंग टाकून, साडेपाच किलोच्या आसपास ओढ, त्या स्प्रिंगचं नावच न्यूयॉर्क ट्रिगर पडलं. एवढं करून काय झालं? नोव्हेंबर २०१४ मधे ब्रुकलिनच्या एका बिल्डिंगच्या अंधाऱ्या जिन्यात पीटर लियांग या नव्या पोलिसाच्या हातून तोच जड ट्रिगर असलेल्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि अकाई गर्ली हा निरपराध तरुण गेला. खटल्यात ज्युरींनी ते पिस्तूल हातात घेऊन ट्रिगर स्वतः ओढून बघितला, आणि एवढा जड ट्रिगर आपोआप ओढला जाईल यावर त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणजे जड ट्रिगरने अपघात थांबला नाही, पण बोट कुठे होतं हे मात्र उघडं पडलं. उलट बाजूने रँड या संशोधन संस्थेच्या २००८ च्या रिपोर्टने हलका ट्रिगर वापरून बघा असं याच खात्याला सुचवलं होतं, कारण इतकी ओढ असली की नेम हलतो आणि चुकलेली गोळी कोणाला तरी लागते, आणि २०२१ मधे नव्या रिक्रूटना हलका ट्रिगर द्यायचं ठरलंसुद्धा. तीस वर्षांत गाडी फिरून परत अडीच किलोवर आली. त्यामुळे जड म्हणजे सेफ आणि हलका म्हणजे अचूक, असं एका वाक्यात ठोकून देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

एक टेक्निकल गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. २०१७ मधे सिग कंपनीचं पी३२० पिस्तूल विशिष्ट कोनात खाली पडलं की गोळी सुटते असं टेस्टमधे दिसलं, कारण आदळल्यावर ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जात होता. कंपनीने ऑगस्टमधे अपग्रेड जाहीर केलं आणि त्यात ट्रिगर, सिअर, स्ट्रायकर (घोड्याऐवजी काडतुसावर आपटणारी पिन) हे सगळं हलकं केलं, वर एक नवीन डिस्कनेक्टर (स्लाइड पूर्ण बंद नसेल तर ट्रिगरचा संबंध तोडणारा पार्ट) बसवला. एवढ्या मोठ्या कंपनीला एका प्रॉब्लेमसाठी चार पार्ट बदलावे लागले, आणि आपला माणूस म्हणतो एक स्प्रिंग काढली की झालं! रिव्हॉल्व्हरची मेनस्प्रिंग हलकी केली की घोडा प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी असलेली, ठोकल्यावर पेटणारी टोपी) पुरेसा जोरात बसत नाही आणि ऐनवेळी नुसता टक् आवाज येतो. पिस्तुलात सिअरची पकड कमी केली की पडल्यावर किंवा स्लाइड जोरात पुढे आल्यावर ते निसटू शकतं. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, हातातून निसटून पडलं असं तेव्हा सांगितलं गेलं. ट्रिगरचं काम केलं होतं असं तिथे कोणीच म्हटलेलं नाही, पण पडणं ही किती साधी गोष्ट आहे ते त्यावरून दिसतं.

आता तो तिसरा मुद्दा, आपला कायदा. १८७८ चा इंग्रजांचा आर्म्स अ‍ॅक्ट जाऊन १९५९ चा आला, त्याच्या कलम ५ मधे हत्यार बनवणं, विकणं यासोबत कन्व्हर्ट करणं आणि रिपेअर करणंही आहे, आणि त्यासाठी वेगळं लायसन लागतं. आपल्याकडे असतं ते बाळगायचं. म्हणजे घरी बसून स्वतःच्या रिव्हॉल्व्हरवर कानस चालवणारा, किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून, सातपूर-अंबडला काय हवं ते करून मिळतं म्हणून, सिअर घासून घेणारा माणूस कुठल्या वकिलाची वाट न बघता आधीच अडचणीत आलेला असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि घासता घासता ट्रिगर दाबून ठेवल्यावर एकामागून एक गोळ्या सुटायला लागल्या तर ते प्रोहिबिटेड आर्म, विषयच संपला.

त्यात अमेरिकेतली ती अपघात की स्वसंरक्षण भानगड आपल्याकडेही आहेच, फक्त वेगळ्या वेषात. स्वसंरक्षणाची कलमं आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४, आणि अपघाताचा बचाव कलम १८ मधे, जुनं आयपीसी ८०. त्या १८ मधे अट आहे की कृत्य कायदेशीर, कायदेशीर पद्धतीने आणि योग्य काळजी घेऊन केलेलं पाहिजे. गोळीबाराच्या केसमधे हत्यार बॅलिस्टिक तपासणीला जातं, तिथे ट्रिगरची ओढ मोजली जाऊ शकते, घासलेला सिअर मायक्रोस्कोपखाली दिसतो. विनापरवाना हलका केलेला ट्रिगर घेऊन योग्य काळजी घेतली म्हणणार कसं?

माझं मत विचाराल तर मॅचची गन असेल तर नियमात बसवून आणि लायसनवाल्या माणसाकडून हवं ते करा, पण कमरेच्या .३२ ला सर्व्हिसिंगपलीकडे हात लावू नका. गंज, साचलेलं जुनं ग्रीस, खडबडीत घासणारे पार्ट हे रिपेअरचं लायसन असलेला डीलर साफ करून देतो आणि त्याची पावती मिळते, निम्मा जडपणा तिथेच कमी झाल्यासारखा वाटतो. उरलेला बोटाच्या सवयीने जातो. रिकामं करून, दोनदा चेक करून, डमी राउंड (दारू नसलेलं नकली काडतूस) घालून भिंतीकडे तोंड करून रोज थोडं ओढायचं, एवढंच. इलेक्शन लागलं की तसंही हत्यार पोलिस स्टेशनला जमा करायला सांगतात, तेव्हा सर्व्हिसिंग त्याच्या आधी उरकून घ्या.