गुपचूप बसलेलं पिल्लू: शांत की भेदरलेलं?

भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, 63 दिवसांच्या आसपास वितात आणि डिसेंबरअखेरीस गल्लोगल्ली दीड-दोन महिन्यांची पिल्लं दिसू लागतात. आमच्या भागातल्या अशा पिल्लांना घरं शोधून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. लहान मुलं असलेल्या घरातून फोन आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्हाला शांत पिल्लू द्या हो, घरात मुलं आहेत."

मागणी रास्त आहे. अडचण अशी की त्या वयात शांत पिल्लू आणि भेदरलेलं पिल्लू वरवर अगदी सारखंच दिसतं. दोघंही भुंकत नाहीत, अंगावर उड्या मारत नाहीत, उचललं तर हातात गप्प राहतात. आणि मुलांच्या घरासाठी यातलं एक अतिशय चांगलं, तर दुसरं सगळ्यात अवघड.

गेल्या थंडीतलंच सांगते. कॉलनीमागे वाळूच्या ढिगाआड एका कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. एक कुटुंब बघायला आलं: आई-वडील, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. तीन पिल्लांनी लगेच मुलाच्या बुटांच्या नाड्यांवर हल्ला केला आणि तो रडायला लागला. उरलेली दोन गुपचूप होती. तांबूस पिल्लू पोत्यावर पाय पसरून बसलं होतं. काळं पिल्लू भिंतीच्या कोपऱ्यात होतं, चारही पाय अंगाखाली घेऊन. वडील सरळ काळ्याकडे गेले. "हे बघा किती समजूतदार आहे. गडबड नाही, काही नाही."

तेवढ्यात माझ्या हातातून स्टीलची ताटली फरशीवर पडली. पाचही पिल्लं दचकली. तांबूस उठून दोन पावलं मागे सरलं, कान टवकारले, थांबलं, आणि मी मनात पाच मोजायच्या आत ताटलीपाशी येऊन तिचा वास घेऊ लागलं. काळं हललंच नाही. मी जवळ बसून बघितलं तर त्याच्या डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसत होतं आणि ते एकसारखं स्वतःचं नाक चाटत होतं. दहा मिनिटांनी बाकीची पिल्लं खेळून दमली, तरी ते तसंच बसलेलं.

या दोघांतला फरक ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण हीच: दचकल्यानंतर सावरायला किती वेळ लागतो. दचकणं वाईट नाही, धडधाकट पिल्लू दचकणारच. शांत पिल्लू दचकतं, अंदाज घेतं आणि त्या वस्तूची चौकशी करायला येतं. भेदरलेलं पिल्लू थिजतं किंवा पळतं आणि परत येत नाही. म्हणून पिल्लू बघायला जाताना किल्ल्यांचा जुडगा न्या आणि चार-पाच हात अंतरावर जमिनीवर टाका. पिल्लाच्या अंगावर किंवा कानाशी नाही, आणि एकदाच. पुढचं अर्धं मिनिट नुसतं बघत राहा.

दुसरी गोष्ट हालचालीची. शांत पिल्लू बसलेलं असतं कारण त्याला बसावंसं वाटलेलं असतं. थोड्या वेळाने ते कूस बदलतं, भावंडाचा कान चावतं, लांब अंग ताणतं. त्याचं शरीर सैल असतं, एक मागचा पाय बाजूला पडलेला असतो. भेदरलेलं पिल्लू बसलेलं असतं कारण दुसरं काही करायची त्याला छाती होत नाही. ते अंग चोरतं, पाठीला भिंत लावतं, शेपूट पोटाशी घेतं, कान मागे पाडतं. झोप आलेली नसताना जांभया देणं हीदेखील ताणाचीच खूण, पण लोक तिला गोड समजून फोटो काढतात.

उचलून बघण्यात सगळेच फसतात. "हातात घेतलं तरी काही करत नाही," हे लोक कौतुकाने सांगतात. शांत पिल्लू हातात जड लागतं, अंग सोडून देतं, मग तुमच्या शर्टाचं बटण हुंगतं, हनुवटी चाटतं, कंटाळलं की खाली उतरायला बघतं. भेदरलेलं पिल्लू हातात लाकडासारखं ताठ होतं, किंवा उलट, ओल्या फडक्यासारखं लोंबतं. दुसऱ्या प्रकाराला तर लोक हटकून प्रेमळ म्हणतात. छातीखाली दोन बोटं ठेवून बघा. पिल्लाचं हृदय मुळातच आपल्यापेक्षा भराभर चालतं, त्यामुळे नुसत्या ठोक्यांवर जाऊ नका. पण ठोक्यांबरोबर थरथर, लाळ किंवा थेंबभर लघवी असेल, तर ते पिल्लू तुमच्या कुशीत विसावलेलं नाही, सुटका होण्याची वाट बघतं आहे.

खाण्यावरून बरंच कळतं, पण रस्त्यावरच्या पिल्लांच्या बाबतीत जरा जपून. फार घाबरलेलं पिल्लू नाकासमोरचा उकडलेल्या अंड्याचा तुकडाही खात नाही. मात्र भुकेलेलं पिल्लू भीती असूनही खातं. तेव्हा तोंडाकडे न बघता मागचे पाय बघा. घाबरलेलं पिल्लू मान लांबवून तुकडा ओढतं, मागचे पाय जागचे हलत नाहीत, आणि तुकडा मिळताच ते मागे सरकतं. निवांत पिल्लू चारही पायांनी चालत येतं आणि तुकडा संपल्यावर तिथेच उभं राहून हात हुंगतं, अजून आहे का ते बघायला.

गुपचूप दिसणारी आणखी दोन पिल्लं असतात. एक झोपाळलेलं. या वयात पिल्लं दिवसाचे 18 ते 20 तास झोपतात, त्यामुळे एकाच भेटीवर निर्णय घेऊ नये, दुसऱ्या वेळी, वेगळ्या वेळेला पुन्हा जावं. दुसरं आजारी. जंतांनी पोट फुगलेलं पिल्लू मलूल असतं, आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवातही अशाच मलूलपणाने होते, उलट्या आणि रक्ताची हगवण पुढे दिसते. कालपर्यंत खेळणारं पिल्लू आज गप्प असेल तर स्वभावाची चर्चा नंतर, आधी डॉक्टर.

मुलांच्या घरात या फरकाने एवढं काय बिघडतं? चार वर्षांचं मूल कुत्र्याला कसं दिसत असेल याचा विचार करा. एकदम धावतं, एकदम थांबतं, किंचाळतं, तोंडाला तोंड लावायला येतं, गळ्यात हात टाकून आवळतं. शांत पिल्लाला यातलं बरंचसं पचतं, नको झालं की ते उठून दुसऱ्या खोलीत जातं. भेदरलेल्या कुत्र्याकडे पायऱ्या ठरलेल्या असतात: आधी थिजणं, मग सटकायला बघणं, मग गुरगुरणं, आणि सगळं फसलं की चावा. पहिल्या दोन पायऱ्या मुलाला वाचता येत नाहीत. तिसऱ्या पायरीला आपण कुत्र्यालाच रागावतो, म्हणजे इशारा द्यायचं त्याचं शेवटचं साधनही काढून घेतो.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी असंच एक गुपचूप पिल्लू मी स्वतः "शांत आहे, मुलांना त्रास देणार नाही" असं सांगून एका घरी दिलं. तीन वर्षांचा मुलगा होता. पहिले चार महिने सगळे खूश. पिल्लू दिवसभर डायनिंग टेबलाखाली बसायचं आणि घरच्यांना तो त्याचा गुण वाटायचा. ते सात महिन्यांचं झालं, आणि एका दुपारी मुलगा बॉल काढायला टेबलाखाली शिरला. कुत्र्याच्या मागे भिंत, पुढे मूल. त्याने हाताला तोंड लावलं, दोन दात लागले. घरच्यांनी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुतली, लगेच दवाखाना गाठला, रेबीजची लस सुरू केली. मूल बरं झालं. कुत्रा माझ्याकडे परत आला. चूक ना मुलाची होती, ना कुत्र्याची. मी भीतीला शांतपणा म्हटलं होतं.

"मोठं झालं की भीती जाईल" असं सगळे म्हणतात, आणि तिथेच वेळ हातची जाते. पिल्लाचं मन माणसांसाठी, आवाजांसाठी, नव्या गोष्टींसाठी सताड उघडं असण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथल्याच प्रयोगांत, कुंपणाच्या आत माणसाचा सहवास न मिळता 14 आठवड्यांपर्यंत वाढलेली पिल्लं नंतर माणसाला जवळच येऊ देईनात. आपल्याकडे पिंजऱ्यात, अंधाऱ्या खोलीत वाढवलेल्या महागड्या पिल्लांचंही थोडंफार तेच होतं. जात चांगली, कागदपत्रं चांगली, आणि पिल्लाने तोवर कधी लहान मूलच बघितलेलं नाही. त्या मानाने चहाच्या टपरीमागे वाढलेलं देशी पिल्लू कितीतरी जग बघून आलेलं असतं.

आईपासून लवकर तोडणं हे दुसरं कारण. 2017 च्या केंद्र सरकारच्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. त्या वयात पिल्लू आई-भावंडांकडून किती जोरात चावायचं ते शिकत असतं. विकणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला तर जन्मतारीख विचारा, लसीचं कार्ड बघा, आणि आई दाखवा म्हणा. आई बघणं तर कधीच चुकवू नका. माणूस दिसताच पोटात शेपूट घालणाऱ्या आईची पिल्लं भीती रक्तातूनही घेतात आणि रोज बघूनही शिकतात. आई दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर मी तिथून पिल्लू घेऊ नका असंच सांगते.

इथे एक गोष्ट कारवानी कुत्र्यांच्या बाजूने सांगायला हवी. लातूर-सोलापूरकडे दिसणारी ही लांब पायांची कुत्री परक्याने हात लावलेला सहसा पसंत करत नाहीत. तो त्यांचा अलिप्तपणा, त्याला भीती म्हणू नये. मोठी कारवानी कुत्री पाहुण्याकडे एकदा बघते आणि मान वळवते, तिचं अंग सैलच असतं. पण पिल्लू कोणत्याही जातीचं असो, ताटली पडल्यावर पाच मिनिटांनीही ते कोपऱ्यातून हललं नाही, तर "जातीचा स्वभाव" हे उत्तर मी मान्य करत नाही.

अर्थात किल्ल्या टाकून बघितल्या म्हणजे पिल्लाची कुंडली हाती आली असं समजू नका. व्हिएन्नाच्या संशोधकांनी बॉर्डर कोली जातीच्या पिल्लांची सहा-सात आठवड्यांची असताना चाचणी घेतली आणि तीच कुत्री मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. 2014 मध्ये ते निष्कर्ष आले. धुंडाळण्याची आवड सोडली तर लहानपणीच्या वागण्याचा मोठेपणीच्या वागण्याशी फारसा मेळ बसला नाही. म्हणजे अशी चाचणी पुढचा स्वभाव सांगत नाही, आज पिल्लू कोणत्या अवस्थेत आहे ते सांगते. आणि मुलांच्या घरात पाऊल टाकतानाची अवस्था फार महत्त्वाची, कारण पहिले दोन महिने तिथूनच पुढे सरकतात.

मुलांना बघायला नेताना त्यांना घरूनच सांगून ठेवा: जमिनीवर मांडी घालून बसायचं, हात मांडीवर, पिल्लामागे जायचं नाही. पिल्लू ज्या मुलापाशी आपण होऊन येतं त्याने आधी हाताचा वास घेऊ द्यायचा आणि मग छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं, डोक्यावर थापटायचं नाही. तीन-चार वेळा खाजवून हात काढून घ्यायचा. पिल्लू पुन्हा अंग घासायला आलं तर त्याला ते आवडलं. जागचं हललं नाही किंवा तोंड फिरवलं, तर पुरे. चार वर्षांच्या मुलालाही हा खेळ पाच मिनिटांत कळतो. दोन्ही भेटींत दोन्ही मुलांकडे चालत येणारं, मध्येच कंटाळून स्वतःच्या उद्योगाला लागणारं पिल्लू दिसलं, तर ते घ्या. ते पठ्ठं बुटाच्या नाड्याही ओढेल. ओढू द्या, नाड्या ओढणं सोडवता येतं.

भेदरलेल्या पिल्लाला घर मिळू नये असं मी म्हणत नाही. त्याला मोठ्या माणसांचं घर हवं, घाई नसलेलं. आणि ते आठ आठवड्यांचं असेल तर अजून चार-सहा आठवडे हातात असतात, त्यातला एकही दिवस वाया घालवू नये. त्याला कोपऱ्यातून ओढून काढायचं नाही. खोलीत आपण आपलं काम करत बसायचं आणि अधूनमधून चिकनचा बारीक तुकडा त्याच्या जरा पुढे टाकायचा. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाला, शाळेतून सुटलेली मुलं लांबून दाखवता येतात, तेही ते पिल्लू खाऊ खात असेल एवढ्याच अंतरावरून.

त्या कुटुंबाने शेवटी तांबूस पिल्लू नेलं. काळं पिल्लू आमच्याच गल्लीतल्या निवृत्त जोडप्याकडे गेलं. पहिले दहा दिवस ते देवघराच्या खालून बाहेर आलं नाही, फक्त रात्री सगळे झोपल्यावर येऊन खायचं. काकू रोज दुपारी तिथेच शेंगा निवडत बसायच्या, त्याच्याकडे न बघता. सातव्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "अगं, आज कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. पहिलीला त्याने मान वर केली, दुसरीला कान हलवले आणि तिसरीला झोपून राहिला."