हातोडा, लोहारी (घरगुती घडण)

तापलेले लोखंड ऐरणीवर ठोकण्यासाठी लोहार एका हाताने चालवतो ते अवजार. दोन्ही हातांनी चालवायचा तो घण. त्याचा उल्लेख येथे प्रसंगापुरता येईल. मराठवाड्यात विळे, खुरपी, कुऱ्हाडी गावच्या लोहाराने घडवाव्यात, नांगराचा फाळ आणि वखराची पास शेवटून, म्हणजे झिजलेली धार ठोकून पुन्हा काढून, द्यावी, अशी रीत होती. हातोडा मात्र लोहार गिऱ्हाइकासाठी क्वचितच घडवतो. तो स्वतःसाठी, स्वतःच्या हाताच्या मापाने होतो. त्यामुळे बलुत्याच्या हिशेबात तो येत नाही आणि लेखी साधनांतही त्याचा माग तुरळकच लागतो.

हातोड्याचे सारे इंगित नेढ्यात, म्हणजे दांडा बसवायच्या आरपार भोकात असते. दख्खनमधील या नेढ्याच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. विदर्भातील माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील महापाषाणीय शिळावर्तुळांत (दफनांभोवती मांडलेल्या मोठ्या दगडांच्या वर्तुळांत) चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. त्यांना नेढे नाही. आडव्या लोखंडी कड्यांनी त्या दांड्याला आवळलेल्या असत. या अवशेषांचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले सहस्रक मानतात. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही उघडकीस आली असून तिला इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपास ठेवण्याकडे कल आहे. लोखंड गाळण्याची विद्या अवगत असलेले हे लोक कुऱ्हाडीचे काम नेढ्याविना भागवत होते, एवढे यावरून म्हणता येते. याउलट तक्षशिलेजवळच्या सिरकप येथे, साधारण इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास, नेढ्याचे लोखंडी हातोडे आढळतात.

यावरून नेढ्याची कल्पना वायव्येकडून खाली उतरली असे अनुमान निघते. मोहेंजोदडो येथील नेढे असलेल्या कुऱ्हाड-वाकसाला परकीय वळणाचे ठरवण्यामागेही हाच विचार होता. मराठवाड्यापुरते पाहिले तर तेर (प्राचीन तगर), पैठण आणि भोकरदन ही सातवाहनकालीन केंद्रे दूरच्या व्यापाराशी जोडलेली होती, म्हणजे कल्पना येण्यास मार्ग खुला होता. पण मार्ग होता म्हणून ती त्याच मार्गाने आली, हे सिद्ध होत नाही. दांड्याभोवती लोखंडी कडे वळवणाऱ्या कारागिराला तेच कडे अवजाराच्या अंगात पाडण्याची युक्ती सुचणे फारसे अवघड नव्हते. निर्णायक पुरावा हाती नसताना स्थानिक विकासाची शक्यता अधिक सयुक्तिक वाटते.

कच्च्या मालाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. गाळण्याजोगे लोहखनिज त्यात नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, किनवट-देगलूरच्या बाजूस, जुना ग्रॅनाइट-नाइसचा खडक उघडा पडतो आणि तो पुढे तेलंगणात शिरतो. निर्मल व कोनसमुद्रम ही पोलादासाठी नावाजलेली गावे याच पट्ट्यातली. कोनसमुद्रम येथील मुशीतल्या पोलादाचे वर्णन भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी यांनी केले असून ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. इराणी व्यापारी हे पोलाद नेत, असे त्यावरून कळते. जुन्या हैदराबाद संस्थानात मराठवाडा आणि हा मुलूख एकाच राज्यात असल्याने लोखंडाची आवक तिकडून होणे स्वाभाविक होते. मात्र गावोगावचे जुने हातोडे या पोलादाचे होते, असे समजणे धाडसाचे ठरेल. मुशीतल्या पोलादात कार्बन सुमारे १ ते २ टक्के असतो. ते पात्याला उत्तम; हातोड्यासारख्या सतत आघात सोसणाऱ्या ठोकळ्याला ते ठिसूळ पडते.

जुन्या घडणीत हातोड्याचे अंग घडीव मऊ लोखंडाचे आणि फक्त तोंडाला पोलादाचा तुकडा जोडलेला, ही पद्धत पोलाद महाग असेतो सगळीकडेच होती. जोडताना टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून पपडी (तापलेल्या लोखंडावर धरणारा ऑक्साइडचा थर) विरघळवत आणि पांढऱ्या तावावर दोन्ही तुकडे ठोकून एकजीव करत. असा हातोडा ओळखता येतो. गंज चढला की घडीव लोखंडात लाकडासारखे धागे दिसतात आणि कानस फिरवल्यास जोडाची रेघ उमटते. अखंड पोलादी हातोडा बेसेमर पद्धतीनंतर (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत, १८५६) पोलाद स्वस्त झाल्यावरचा. मराठवाड्यात तो रूढ होण्याचा काळ १९०० च्या सुमारास, म्हणजे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाल्यानंतरचा धरावा लागतो. रुळाच्या तुकड्याची ऐरणही त्यानंतरचीच.

घडवणारे मुख्यतः दोन प्रकारचे. स्थायिक लोहारांत पांचाळांचा मोठा भरणा असून ते आपली परंपरा विश्वकर्म्याचा पुत्र मनू याच्याशी जोडतात. लोहारकी आणि सुतारकी दोन्ही करणारी घरेही त्यांच्यात आहेत. तिथे डोके आणि दांडा एकाच अंगणात तयार होतो. फिरस्त्यांपैकी घिसाडी प्रसिद्ध. ते आपले मूळ राजपुतान्यात सांगतात, परंतु त्यांच्या बोलीची गणना भाषाभ्यासक ग्रीअर्सन यांनी गुजरातीच्या परिवारात केली आहे आणि भाषेचा हा पुरावा दुर्लक्षिता येत नाही. घिसाड्यांत पुरुष बसून सांडशीने लोखंड फिरवतो आणि बाई उभी राहून घण मारते.

आज घरच्या लोहारशाळेत हातोड्यासाठी मध्यम कार्बनचे पोलाद घेतात. बाजारात ईएन-८ (कार्बन सुमारे ०.४ टक्के) आणि ईएन-९ (०.५ ते ०.६ टक्के) या नावांनी ते मिळते. भंगारातून घ्यायचे तर ट्रकचा आस सोयीचा. जालन्याच्या गिरण्यांत निघणारी बांधकामाची सळई येथे निरुपयोगी. तिच्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आतच असल्याने तोंडाला पुरेसा कडकपणा येत नाही. गाडीच्या पाट्याचे (पट्टी-स्प्रिंगचे) पोलाद चांगले, पण हातोड्याला जाडी पुरत नाही. त्याचे विळे करावेत. ४० मिमी. चौकोनी गजाचा ८ सेंमी. तुकडा सुमारे १ किग्रॅ. भरतो आणि एकहाती कामाला हे वजन पुष्कळ झाले. तावागणिक पपडी झडून थोडे वजन घटते, म्हणून तुकडा किंचित लांब ठेवतात.

नेढे गिरमिटाने न पाडता सुंब्याने, म्हणजे ठोकून भोक पाडायच्या पोलादी खुंटीने, पाडणे हे घडणीचे मर्म होय. गिरमिट धातू काढून टाकते. सुंबा तो बाजूला सारतो, त्यामुळे भोकालगतच्या भिंती फुगून येतात आणि त्यांत माल शिल्लक राहतो. तुकडा नारिंगी-पिवळ्या तावावर, साधारण १,१०० ते १,२०० °से. पर्यंत आणून मध्यरेषेवर लांबट तोंडाचा सुंबा ठोकतात. तीन-चार घाव झाले की सुंबा काढून पाण्यात विझवायचा आणि भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकायची. तिच्या वायूने सुंबा अडकत नाही. अर्ध्याहून अधिक खोल गेल्यावर तुकडा उलटा करतात. पलीकडच्या अंगावर थंड सुंब्याचा काळसर ठसा दिसतो, तिथेच नेम धरून उरलेली चकती पाडतात. नेम चुकला तर नेढे तिरके जाते, आणि पुढच्या कोणत्याही ठोकाठोकीने ते पुरते सरळ होत नाही. नंतर निमुळती मेख दोन्ही बाजूंनी घालून नेढे रुंदावतात. त्यामुळे ते मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी मोकळे होते. ४० मिमी. गजात १६ मिमी. रुंदीचे नेढे पाडले तरी दोन्हीकडे सुमारे १२ मिमी. भिंत उरते. लाल रंग मावळल्यावर ठोकू नये, भिंतीत चीर पडते. एका टोकाला सपाट तोंड आणि दुसऱ्याला आडवे निमुळते टोक ठेवण्याची चाल आहे. तोंड अगदी सपाट न ठेवता किंचित फुगीर घासतात, नाहीतर कडेचे वण कामावर उमटतात.

पाणी देण्यापूर्वी, म्हणजे तापवून एकदम विझवत कडक करण्यापूर्वी, हातोडा राखेत पुरून सावकाश निववतात. पुढे टोके पुन्हा तापवून चुंबक चिकटेनासा झाला (सुमारे ७७० °से.) की आणखी थोडा ताव देऊन विझवतात, ईएन-८ पाण्यात, अधिक कार्बनचे पोलाद तेलात. कडक करायची ती फक्त टोके. मग लाल केलेली मेख नेढ्यात घालतात. उष्णता मधून टोकांकडे सरकते आणि घासून उजळलेल्या पृष्ठावर रंग धावू लागतात : फिकट पिवळा, गवती, तपकिरी, जांभळा, निळा. नेढ्याजवळ निळा आणि तोंडाशी गवती ते तपकिरी आला की पुन्हा विझवतात. तोंड याहून कडक ठेवण्याचा मोह घातक ठरतो. अशा हातोड्याची कपची उडून डोळ्यात शिरू शकते. दोन हातोड्यांची तोंडे एकमेकांवर न आपटण्याचा दंडकही याच कारणाने आहे. कारखानी हातोड्यांसाठी आयएस ८४१ हे भारतीय मानक आहे. घरगुती घडणीत रंग आणि कानस हीच परीक्षा.

दांडा बहुधा बाभळीचा, क्वचित धावड्याचा. बसून काम करणाऱ्याचा दांडा आखूड असतो. लाकूड पुरते वाळलेले नसेल तर वैशाखात ते आटते आणि डोके हलू लागते. पाण्यात भिजवून ते तात्पुरते घट्ट होते, पुढे अधिकच सैल पडते. वरून मारलेली पाचर लाकूड नेढ्याच्या मोकळ्या तोंडात फाकवते, मधल्या अरुंद भागामुळे डोके निसटत नाही. खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर हातोडाही पुजला जातो.