कॅश गेम आणि टूर्नामेंट: पोकरपटूचे दोन वेगळे धंदे

2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या एका अकाउंटंटने लास व्हेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि 25 लाख डॉलर खिशात घातले. तेव्हापासून ‘व्यावसायिक पोकरपटू’ म्हटलं की लोकांना नोटांच्या थप्पीमागे उभा असलेला विजेता दिसतो. पण पोकरवर घर चालवणाऱ्यांमध्ये असेही बरेच आहेत, ज्यांचं नाव कुठल्याच निकालात सापडत नाही. ते कॅश गेम खेळतात. नियम तेच, पत्ते तेच, धंदा मात्र निराळा.

खरा फरक चिप्सचा. कॅश टेबलावर शंभर डॉलरची चिप म्हणजे शंभर डॉलर. कंटाळा आला, समोरचे फार तगडे वाटले, झोप आली, तर चिप्स उचला, काउंटरवर द्या, पैसे घ्या. हरलात तर पुन्हा पैसे लावून बसा. टूर्नामेंटमध्ये, निदान मुख्य स्पर्धेसारख्या, एकदाच प्रवेश फी भरायची. मिळालेल्या चिप्स बाहेर कुठेच चालत नाहीत. त्या संपल्या की घरी. पैसे मिळतात ते तुम्ही कितव्या क्रमांकावर बाद झालात त्यावरून.

यातून एक चमत्कारिक गणित निघतं. समजा चार जण उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसं 50, 30 आणि 20 हजार डॉलर. चौथ्याला काही नाही. प्रत्येकाचा वाटा सरासरी 25 हजारांचा. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. तुमच्या हातात गुलामांची जोडी, आणि त्याच्याकडे एक्का-राजा आहे याची तुम्हाला खात्री आहे. शंभरात साधारण 55 वेळा तुम्हीच जिंकाल. कॅश टेबलावर विचार कसला करायचा, लावायचे पैसे! इथे मात्र जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, वाटा दुप्पट होत नाही. तो जेमतेम 38 हजारांवर जातो. हरलात तर शून्य. म्हणजे भिडायला किमान 65 टक्के शक्यता हवी. पत्ते टाकून द्यायचे. या हिशेबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. कॅशमध्ये मुरलेला खेळाडू टूर्नामेंटच्या शेवटी ठेचकाळतो तो बहुतेक वेळा इथेच.

ब्लाइंड, म्हणजे डावाआधीच भरायची सक्तीची रक्कम, कॅशमध्ये तीच राहते. टूर्नामेंटमध्ये ती ठरावीक वेळाने वाढते, त्यामुळे नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजतात. म्हणून टूर्नामेंटवाला थोड्या चिप्सवर, पहिल्या दोन पत्त्यांवरच सगळं लावायच्या खेळात तरबेज होतो. कॅशवाल्याचं कसब शेवटच्या पत्त्यापर्यंत ताणलेल्या, मोठ्या डावांत दिसतं.

कमाईही तशीच. कॅशवाला तासाचा हिशेब ठेवतो: किती तास बसलो, किती सुटले, क्लबने प्रत्येक डावातून कापलेला रेक किती गेला. त्याचं निम्मं कौशल्य कुठल्या टेबलावर बसायचं हे ओळखण्यात असतं, आणि कच्च्या खेळाडूला दुखावून उठवून न लावण्यात. काम रटाळ आहे, पण पोकरमधली नोकरी म्हणावी तर हीच.

टूर्नामेंटवाल्याची बहुतेक वर्षं तोट्याच्या दिवसांनी भरलेली असतात. एखाद्या आठवड्यात सगळं वसूल होतं, किंवा होत नाही. 2023 च्या मुख्य स्पर्धेत 10,043 जणांनी प्रत्येकी 10 हजार डॉलर भरले. विजेत्या डॅनियल वाइनमनला 1 कोटी 21 लाख मिळाले, तर बक्षिसाच्या यादीत कसेबसे घुसलेल्यांना 15 हजार. बहुसंख्यांना काहीच नाही.

म्हणूनच ‘एकूण कमाई इतके लाख’ असे आकडे वाचताना सावध राहावं. त्यांत बक्षिसं मोजलेली असतात, भरलेली फी वजा केलेली नसते. नामवंत खेळाडू डॅनियल नेग्रानूने 2017 चा स्वतःचा हिशेब जाहीर केला होता: बक्षिसं सुमारे 28 लाख डॉलरची, आणि वर्ष तोट्यात! शिवाय फी सगळी स्वतःच्याच खिशातून जाते असंही नाही. खेळाडू मिळू शकणाऱ्या बक्षिसातले वाटे आधीच विकतात. 1997 मध्ये स्टू अंगरने तिसऱ्यांदा मुख्य स्पर्धा जिंकली तेव्हा प्रवेशाचे पैसे बिली बॅक्स्टरने भरले होते, आणि दहा लाखांचं बक्षीस दोघांत वाटलं गेलं. यादीत मात्र पूर्ण रक्कम अंगरच्याच नावावर.

अर्थात दोन्हीकडे पाय ठेवणारे आहेतच. डॉयल ब्रन्सन दहा ब्रेसलेट, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधली स्पर्धा जिंकल्यावर मिळणारी मानाची कडी, जिंकूनही आयुष्यभर मोठ्या कॅश टेबलांवर बसत राहिले. आणि वर्ल्ड सिरीजच्या दिवसांत अनेक कॅशवाले मुद्दाम व्हेगास गाठतात, ते स्पर्धेत नाव नोंदवायला नव्हे. दुपारी स्पर्धेतून बाद झालेले खेळाडू संध्याकाळी भरपाई करायला, चिडलेल्या डोक्याने कॅश टेबलावर येऊन बसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.