एल्डरबेरी: आधी शिजवणं, मग गुण

१९८३च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे परगण्यात जमलेल्या एका गटातल्या लोकांनी रानातली एल्डरबेरी, म्हणजे एल्डर नावाच्या झुडपाची बारीक, गडद जांभळी फळं, तोडून तिचा रस काढला. फळांबरोबर पानं आणि फांद्याही चिरडल्या गेल्या. रस शिजवला नव्हता. तो प्यायल्यावर थोड्याच वेळात मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. अकरा जण आजारी पडले, आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. सुदैवाने सगळे बरे झाले.

एल्डरच्या पानांत, सालीत, बियांत आणि कच्च्या फळांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचं संयुग असतं. झाडाचा भाग चिरडला की त्यातलीच विकरं (एन्झाइम्स) या संयुगाचं विघटन करतात आणि सायनाइड सुटतं. हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. उपवासाचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, त्यातही असंच संयुग असतं. धुणं, गाळणं आणि भाजणं यांतून ते जवळजवळ निघून जातं. युरोपातली कुटुंबंही पिढ्यानपिढ्या पिकलेली एल्डरबेरी शिजवूनच सरबत आणि जॅम करत आली आहेत.

परदेशातून येणाऱ्या बॅगांत हल्ली एल्डरबेरीच्या गमीज आणि सिरपच्या बाटल्या असतात. फ्लूवर त्या खरंच गुणकारी आहेत का? २००४च्या एका अभ्यासात नॉर्वेतल्या ६० फ्लू रुग्णांपैकी सिरप घेणाऱ्यांना सरासरी चार दिवस आधी आराम पडला. आकडा मोठा आहे, पण रुग्ण थोडे होते. २०२०मध्ये अमेरिकेत फ्लूची खात्री झालेल्या ८७ रुग्णांवरच्या चाचणीत मात्र काहीच फायदा दिसला नाही. मला या दुसऱ्या चाचणीचं वजन जास्त वाटतं, कारण तिच्यात रुग्ण जास्त होते.

नीट तयार केलेलं सिरप निरोगी प्रौढाने थोडे दिवस घेतलं तर सहसा त्रास होत नाही. क्वचित पोट बिघडतं. पण गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नये. शिवाय अमेरिकेत अशी पूरकं (सप्लिमेंट्स) विक्रीआधी औषधासारखी तपासून मंजूर केली जात नाहीत.

घरात कुणाला ताप चढला, धाप लागली, तर सिरपचा गुण यायची वाट पाहू नका. फ्लूवरची विषाणूरोधक औषधं पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तरच सर्वांत चांगली लागू पडतात.